गिअरबॉक्स गेला म्हणण्याआधी: व्हॉल्व्ह बॉडीचं दुखणं कसं ओळखायचं?

आजचा भाग ऑटोमॅटिक गाडीवाल्यांसाठी आहे, आणि ज्यांच्या नखांतलं ग्रीस कधी निघतच नाही अशा आपल्या गॅरेजवाल्या मित्रांसाठीसुद्धा. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे शब्दांकन. बोलताना जे दोनदा बोललो ते इथे एकदाच ठेवलंय. बाकी बोली आहे तशीच आहे.

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आलाय. "दादा, गाडी गिअर बदलताना हिसका मारते. गॅरेजवाले म्हणतात गिअरबॉक्स गेला. खरं असेल का?" कुणाचा रिव्हर्स उशिरा पडतो, कुणाचा आरपीएम वर जातो पण गाडी ओढत नाही, कुणाची गाडी अचानक एकाच गिअरमध्ये अडकून बसते. निदान मात्र सगळ्यांना एकच मिळालेलं असतं: "गेला."

माझं म्हणणं असं आहे की "गेला" हे निदानच नव्हे. काय गेलं, का गेलं आणि ते कशावरून कळलं, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली तर ते निदान. आणि या तिन्ही उत्तरांच्या वाटेवर एक भाग हमखास लागतो, तो म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी. आज तिच्याबद्दल बोलू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. सेलेरिओमुळे २०१४ पासून आपल्याकडे घरोघरी पोचली ती एएमटी. तो मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्राचे हात लावलेले. त्याचं दुखणं वेगळं, त्यावर कधीतरी वेगळा भाग करू. सीव्हीटीमध्येही व्हॉल्व्ह बॉडी असते, पण आज मी बोलतोय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकबद्दल.

व्हॉल्व्ह बॉडी करते काय?

आपल्यापैकी जे शेतकऱ्याच्या घरातले आहेत त्यांना हे एका वाक्यात कळेल. व्हॉल्व्ह बॉडी दारं धरते.

पाटाला पाणी आलं की ते कोणत्या वाफ्यात सोडायचं, किती वेळ सोडायचं, एक दार बंद करून दुसरं कधी फोडायचं, हे दारं धरणारा ठरवतो. गिअरबॉक्समध्ये पाण्याच्या जागी तेल असतं, म्हणजे एटीएफ. पंप ते तेल दाबाने पाठवतो. वाफ्यांच्या जागी क्लच असतात. एका सहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये चार-पाच क्लच आणि ब्रेक असतात, आणि त्यातले कोणते दोन एका वेळी धरलेत यावर कोणता गिअर पडणार ते ठरतं.

प्रत्यक्षात ही बॉडी म्हणजे ॲल्युमिनियमचं ओतकाम. आत चक्रव्यूहासारखे तेलाचे मार्ग कोरलेले असतात. त्यात बोटाएवढे किंवा त्याहून बारीक व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोरावर पुढेमागे सरकतात. मधे छिद्रांची एक पातळ लोखंडी प्लेट असते, काही ठिकाणी छऱ्यासारखे चेक बॉल असतात आणि वर सोलेनॉइड बसवलेले असतात.

जनरल मोटर्सनं १९४० च्या ओल्ड्समोबाईल गाड्यांत हायड्रामॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला, तेव्हा गाडीत कॉम्प्युटर नव्हता. वेग किती, ॲक्सिलरेटर किती दाबलाय, गिअर कधी बदलायचा, हे सगळं तेलाचा दाब आणि स्प्रिंग मिळून ठरवायचे. म्हणजे तेव्हा व्हॉल्व्ह बॉडी हाच गिअरबॉक्सचा मेंदू होता. आता निर्णय इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट घेतं. ते सोलेनॉइडला करंट देतं, सोलेनॉइड तेलाचा दाब बदलतो, त्या दाबानं व्हॉल्व्ह सरकतो आणि क्लचकडे तेल जातं. मेंदू बदलला, पण दारं आजही तीच बाई धरते.

गिअर बदलताना एक क्लच सुटतो आणि त्याच वेळी दुसरा धरतो. ही देवाणघेवाण सेकंदाच्या काही भागात उरकते. नवा क्लच आधीच धरला तर दोघांची ओढाताण होते, आपल्याला हिसका बसतो. तो उशिरा धरला तर मधे कुणीच धरलेलं नसतं, मग इंजिन मोकळं सुटतं आणि आरपीएमचा काटा उसळतो. गॅरेजच्या भाषेत याला फ्लेअर म्हणतात. हिसका आणि फ्लेअर, तुमच्या बहुतेक तक्रारी या दोन घरांत बसतात.

बिघडतं काय?

पहिलं कारण घाण. क्लचच्या प्लेटची झीज, धातूचा बारीक कीस आणि जुनं झालेलं तेल. व्हॉल्व्ह आणि त्याचं बोअर यांच्यातली फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. तिथे कण अडकला की व्हॉल्व्ह अडखळतो. असा दोष लहरी असतो, आज आहे, उद्या नाही.

दुसरं कारण झीज, आणि हे सगळ्यात फसवं. सोलेनॉइडच्या सततच्या कंपनामुळे दाब सांभाळणारे व्हॉल्व्ह जागच्या जागी थरथरत असतात. व्हॉल्व्हवर कडक ॲनोडायझिंग असतं, त्यामुळे तो झिजत नाही. झिजतं ते भोवतीचं मऊ ॲल्युमिनियमचं बोअर. मग तेल व्हॉल्व्हच्या बाजूनं गळायला लागतं. उंदरानं पाटाच्या बांधाला बीळ पाडावं तसं. वरून पाट भरलेला दिसतो, पण शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही.

तिसरं सोलेनॉइड. त्याची कॉईल जळते, किंवा कॉईल शाबूत राहून आतला यांत्रिक भाग अडकतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चौथं वायर आणि कनेक्टर. मर्सिडीजचा ७२२.६ हा पाच गिअरचा ऑटोमॅटिक याबाबतीत आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. पुण्यात जुळणी झालेल्या सी क्लास आणि ई क्लासमधूनही तो आपल्या रस्त्यांवर फिरला. त्याच्या १३ पिनच्या कनेक्टरची रबरी रिंग वयानं कडक होते, तेल झिरपतं आणि वायरिंगच्या आतून वर चढत कंट्रोल युनिटपर्यंत जाऊ शकतं. दिव्याच्या वातीतून तेल चढतं ना, तसं. त्यात बिघाड झाला की गाडी लिम्प मोडमध्ये जाते आणि बंद करून चालू केली तरी पुढे जायला फक्त दुसरा गिअर मिळतो. चालवणाऱ्याला वाटतं गिअरबॉक्स मेला. मूळ कारण मात्र एक छोटा प्लॅस्टिकचा कनेक्टर असू शकतो.

पाचवं म्हणजे मधली प्लेट आणि पॅकिंग. चेक बॉल वर्षानुवर्षं आपटून प्लेटच्या छिद्राचा काठ मोठा होतो, किंवा पॅकिंग दाबाच्या मार्गातून फुटतं.

आणि या सगळ्यांतून निघणारी एक गोष्ट मला आज तुमच्या डोक्यात पक्की बसवायची आहे. दाब कमी पडला की क्लच घसरतो, आणि घसरणारा क्लच जळतो. म्हणजे जळलेला क्लच बऱ्याचदा गुन्हेगार नसतो, बळी असतो. गिअरबॉक्स खोलून नवीन क्लच प्लेट टाकल्या आणि झिजलेली व्हॉल्व्ह बॉडी धुऊन परत बसवली, तर नव्या प्लेटही त्याच वाटेनं जाणार. उलटही खरं आहे. क्लच जळून कोळसा झाला असेल तर नुसती नवी व्हॉल्व्ह बॉडी टाकून पैसे वाया जाणार. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा.

पाना हातात घेण्याआधी

पहिली पायरी, गाडीवाल्याला विचारा. गार असताना होतं की गरम झाल्यावर? कोणत्या गिअरला? सपाटीवर की घाटात? गार तेल जाड असतं, ते झीज झाकून ठेवतं. गरम तेल पातळ होतं आणि गळती उघडी पडते. त्यामुळे सकाळी घरातून निघताना लोण्यासारखी चालणारी गाडी खंबाटकी चढताना फ्लेअर द्यायला लागली, तर माझा पहिला संशय गळतीवर. उलट सकाळी त्रास देऊन अर्ध्या तासानं सुधारली, तर अडखळणारा व्हॉल्व्ह किंवा कडक झालेलं सील. हा संशय आहे, निकाल नव्हे. पण कुठे बघायचं ते कळतं.

दुसरी पायरी तेल. आजकाल बऱ्याच गाड्यांना गिअर ऑइलची डिपस्टिकच नसते. चेंबरच्या खालच्या बोल्टमधून पातळी बघायची असते, तीसुद्धा इंजिन चालू ठेवून आणि तेल ठरलेल्या तापमानाला असताना. उदाहरणार्थ, आयसिनचा सहा गिअरचा जो बॉक्स फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत ०९जी नावानं येतो, त्यात तेल साधारण ३५ ते ४५ अंश सेल्सिअस असताना पातळी बघतात. इंजिन बंद करून बोल्ट उघडला तर जास्तीचं तेल वाहतं आणि आपण समजतो की भरपूर आहे. तापलेल्या गाडीवर बघितलं तर तेल फुगलेलं असतं, तिथेही फसगत. गाडी लिफ्टवर किंवा पक्क्या स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर कधीच नको.

तेलाचा वास घ्या. करपलेला वास आणि काळा रंग असेल तर क्लच भाजलाय. चेंबर उघडलं तर चुंबक बघा. त्यावर राखाडी मलमासारखा लेप असतो, तो वयोमानानं असायचाच. पण चमकणारे तुकडे, पितळेचा पिवळा कीस किंवा क्लचच्या काळ्या खपल्या दिसल्या तर मामला व्हॉल्व्ह बॉडीच्या पलीकडे गेलाय.

तेल कोणतं घातलंय तेही विचारा. "एटीएफ ते एटीएफ, सगळं लालच" हे चालत नाही. प्रत्येक गिअरबॉक्सचं तेल ठरलेलं असतं, कारण क्लच किती घट्ट आणि किती मऊ धरणार हे तेलावरही अवलंबून असतं.

तिसरी पायरी बॅटरी आणि इंजिन. ऐकून हसू येईल, पण कमजोर बॅटरी आणि खराब अर्थिंग यांनी गिअरबॉक्सचे खोटे कोड येतात. तुटलेलं इंजिन माउंटिंग हिसका देतं. मिसफायर करणारं इंजिन गिअरबॉक्सच्या नावावर बिल फाडतं. हे आधी निस्तरा.

चौथी पायरी स्कॅनर. इथे एक भेद समजून घ्या. पी ०७५३ म्हणजे शिफ्ट सोलेनॉइड ए च्या विद्युत मार्गात बिघाड: वायर तुटली, शॉर्ट झाली किंवा कॉईल गेली. पी ०७५१ म्हणजे त्याच सोलेनॉइडचं काम नीट होत नाही, तो अडकलाय. पहिल्या कोडवर मल्टिमीटर घ्या. दुसऱ्या कोडवर तेल, व्हॉल्व्ह आणि दाब यांच्याकडे वळा. पी ०७३१ पासून पुढचे कोड त्या त्या गिअरचं गुणोत्तर जुळत नसल्याचं सांगतात. पी ०७३३ म्हणजे तिसरा गिअर घसरतोय, एवढंच. का घसरतोय ते कोड सांगत नाही. कोड पत्ता देतो, आरोपी पकडून देत नाही.

लाइव्ह डेटात इनपुट आणि आउटपुट स्पीड शेजारी ठेवून गाडी चालवा. आणि शक्य असेल तर ॲडॅप्टेशनचे आकडे बघा. कंट्रोल युनिट हुशार असतं. क्लच उशिरा धरतोय हे कळलं की ते स्वतःहून दाब थोडा वाढवतं, महिनोन् महिने सांभाळून घेतं. त्याची मर्यादा संपली की मग आपल्याला हिसका जाणवतो. "काल चांगली होती, आज अचानक झालं" असं गाडीवाला म्हणतो ते त्याच्या दृष्टीनं खरंच असतं. आतमध्ये मात्र ते बऱ्याच दिवसांपासून चाललेलं असतं.

पाचवी पायरी मल्टिमीटर. टोयोटाच्या अनेक ऑटोमॅटिकमध्ये चालू-बंद प्रकारच्या सोलेनॉइडचा रोध २० अंशांना साधारण ११ ते १५ ओहम असतो आणि दाब नियंत्रित करणाऱ्या लिनिअर सोलेनॉइडचा ५ ते ५.६ ओहम. आपापल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. लिनिअर सोलेनॉइडला थेट बॅटरी लावू नका, कॉईल जळेल. मधे २१ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये जोडून तपासतात. आणि लक्षात ठेवा, रोध बरोबर आला म्हणजे फक्त कॉईल शाबूत आहे. आतला भाग अडकलेला असू शकतो.

सहावी पायरी दाबाचं गेज, जर गिअरबॉक्सला ते जोडायची जागा असेल तर. आयडलला, डी मध्ये, आर मध्ये दाब मोजा आणि मॅन्युअलशी ताडून बघा. सगळीकडेच कमी असेल तर पंप, फिल्टर किंवा मुख्य दाबाचा व्हॉल्व्ह. एकाच ठिकाणी कमी असेल तर त्या मार्गातली गळती. स्टॉल टेस्ट करायचीच असेल तर मोकळ्या जागेत, समोर कुणी नसताना, ब्रेक पूर्ण दाबून आणि पाच सेकंदांच्या आत. नंतर न्यूट्रलमध्ये ठेवून तेल गार होऊ द्या. ज्याचा क्लच आधीच घसरतोय त्या गाडीवर ही टेस्ट करूच नये.

एक गाडी, तीन तक्रारी

आता हा क्रम प्रत्यक्षात कसा चालतो ते सांगतो. साताऱ्याकडचा एक तरुण. जुनी, सहा गिअरची परदेशी बनावटीची सेडान घेतलेली. पांढरी गाडी, फुलं लावून लग्नाच्या वरातीला भाड्यानं द्यायची, हाच त्याचा धंदा. तुळशीचं लग्न दोन आठवड्यांवर आलेलं, पुढच्या मुहूर्तांचे ॲडव्हान्स घेतलेले. एका वर्कशॉपनं पूर्ण गिअरबॉक्स बदलायचं एस्टिमेट दिलं होतं. गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळपास निम्मं.

"दादा, कर्ज काढू का गाडी विकू, एवढं सांगा," तो म्हणाला.

मी म्हटलं, "आधी एक चक्कर मारू."

गाडी गरम झाल्यावर तीन गोष्टी दिसल्या. दुसऱ्यावरून तिसऱ्याला जाताना फ्लेअर. चौथ्यावरून पाचव्याला जाताना फ्लेअर. आणि रिव्हर्स टाकला की दोन सेकंद काहीच नाही, मग धक्का. पहिल्यावरून दुसरा, तिसऱ्यावरून चौथा, पाचव्यावरून सहावा मात्र छान.

इथे क्लचचा तक्ता कामाला येतो. अनेक सहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स या तिघांना एकच क्लच लागतो. या गाडीचंही तसंच होतं. तीन तक्रारी, पण धागा एक. पंप कमजोर असता तर सगळेच गिअर रडले असते. म्हणजे दोष त्या एका क्लचमध्ये किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या तेलाच्या वाटेत.

तेल काळपट होतं, पण करपलेला वास नव्हता. चुंबकावर लेप होता, खपल्या नव्हत्या. सोलेनॉइडचा रोध बरोबर. मग व्हॉल्व्ह बॉडी खाली घेतली. त्या गाडीत ती गिअरबॉक्स न उतरवता निघते. आणि त्या क्लचकडे जाणाऱ्या छिद्रातून कोरडी हवा बेताच्या दाबानं दिली. आतून स्पष्ट "धप" आवाज आला आणि हवा धरून राहिली. सील फाटलं असतं तर नुसतं "फुस्स" झालं असतं.

क्लच धरतोय, मग तेलच पुरेसं पोचत नाही. उरली व्हॉल्व्ह बॉडी. टेबलावर त्या क्लचच्या व्हॉल्व्हच्या बोअरला व्हॅक्यूम लावला. बाकीची बोअर २० इंचांच्या वर धरत होती. हे एक १२ वर. बीळ सापडलं.

बोअर रीमरनं मोठं करून मापाचा जाड व्हॉल्व्ह बसवला, पॅकिंग आणि फिल्टर नवीन, तेल नवीन, ॲडॅप्टेशन रीसेट. क्लच थोडा झिजला असणारच, तेही त्याला सांगितलं. पण वरातीची गाडी वरातीला गेली, आणि कर्ज काढावं लागलं नाही.

प्रत्येक गाडीचा शेवट असा होत नाही. त्याच चुंबकावर खपल्या सापडल्या असत्या तर मीही त्याला पूर्ण ओव्हरहॉलच सांगितलं असतं. फरक इतकाच, की तेव्हा ते का करायचं हे त्याला चुंबक दाखवून सांगता आलं असतं.

व्हॉल्व्ह बॉडी उघडताना

हे गॅरेजवाल्या मित्रांसाठी. ज्यांनी आधी कधी उघडली नाही त्यांनी गिऱ्हाइकाच्या गाडीवर शिकू नका. भंगारातून एक बॉडी आणा आणि तिच्यावर हात बसवा.

टेबल स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखं स्वच्छ हवं. कापसाचं वेस्ट किंवा चिंधी वापरू नका, एक धागा आत राहिला तर पुन्हा सगळं खोलावं लागेल. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. दोन अर्धे वेगळे करताना चेक बॉल घरंगळतात. कोणता कुठे होता याची खूण नसेल तर काम तिथेच थांबलं म्हणून समजा. प्रत्येक व्हॉल्व्ह आणि त्याची स्प्रिंग एका रांगेत, एका ट्रेमध्ये. स्प्रिंग सारख्या दिसतात, पण सारख्या नसतात.

धुऊन, हवेनं सुकवून, थोडं स्वच्छ एटीएफ लावून व्हॉल्व्ह बोअरमध्ये टाका. तो स्वतःच्या वजनानं सरकला पाहिजे. अडला तर का ते शोधा. पॉलिश पेपर मारायचा मोह होतो, तो आवरा. ॲनोडायझिंगचा थर आणि व्हॉल्व्हच्या धारदार कडा दोन्ही गेल्या की तो व्हॉल्व्ह कामातून गेला.

पण सरकणं ही अर्धीच परीक्षा. झिजलेल्या बोअरमध्ये व्हॉल्व्ह उलट जास्तच छान सरकतो! म्हणून व्हॅक्यूम टेस्ट. पंप आधी जुळवून घ्या, पूर्ण बंद असताना २५ इंच. मग एकेक बोअर तपासा. १८ इंचांच्या खाली आलेल्या बोअरकडे मी संशयानं बघतो. पण एकट्या आकड्यापेक्षा शेजारच्या बोअरशी तुलना जास्त बोलकी असते.

प्लेट उजेडात धरून छिद्रांच्या कडा बघा. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, आपापल्या जागीच जायला हवेत. आणि टॉर्क पाना वापरा. हे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपासचे असतात, म्हणजे फारच हलके. हाताच्या अंदाजानं आवळले की बॉडी सूक्ष्म वाकते आणि टेबलावर सरकणारा व्हॉल्व्ह गाडीत अडकतो.

दुसऱ्या गाडीतून काढलेली जुनी बॉडी लावायची असेल तर पार्ट नंबर आणि कोडिंग जुळतंय का ते बघा. जनरल मोटर्सच्या ६टी४० सारख्या बॉक्समध्ये सोलेनॉइड आणि कंट्रोल मॉड्यूल एकाच तुकड्यात आत बसवलेलं असतं, ते बदललं की प्रोग्रॅमिंग लागतंच. आणि कोणतीही दुरुस्ती झाली की ॲडॅप्टेशन रीसेट करून, नियमानुसार गाडी चालवून शिकवून द्या. नाहीतर कंट्रोल युनिट जुन्या गळतीचा हिशोब धरून नव्या बॉडीला जादा दाब देत राहील, आणि दुरुस्तीनंतर हिसके वाढलेत म्हणून गिऱ्हाईक तुमच्याच नावानं ओरडेल.

गाडीवाल्यांनी काय विचारायचं?

तुम्हाला यातलं काहीच स्वतः करायचं नसेल, तरी चालेल. फक्त एस्टिमेटवर सही करण्याआधी पाच प्रश्न विचारा.

१. कोणते कोड आले? त्याचा कागद किंवा फोटो मिळेल का?

२. तेलाची पातळी योग्य तापमानाला बघितली का, आणि चेंबरमध्ये काय मिळालं?

३. कोणत्या गिअरला दोष आहे, आणि त्यावरून कोणता क्लच निघतो?

४. वायर, कनेक्टर, सोलेनॉइड तपासले का? आकडे काय आले?

५. क्लच जळला असेल तर कशामुळे जळला, आणि ते कारण तुम्ही दुरुस्त करणार आहात का?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जो मेकॅनिक त्याचं उत्तर शांतपणे देतो, त्याच्याकडे गाडी ठेवायला हरकत नाही, मग तो मोठ्या शोरूमचा असो की पत्र्याच्या शेडमधला.

फ्लेअर जाणवायला लागला असेल तर ॲक्सिलरेटर दाबून गाडी रेटू नका, सुट्टीच्या दिवसाची वाट बघू नका. क्लच रोज थोडा थोडा जळतोय, आणि आजची व्हॉल्व्ह बॉडीची दुरुस्ती उद्या ओव्हरहॉलवर जातेय. आणि "लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं" हे ऐकलं असेल, तर हेही ऐकून ठेवा. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः आपल्या ऑटोमॅटिकचं तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा जास्तीत जास्त ८ वर्षांत बदलायला सांगते. आपल्याकडचं ऊन, घाट आणि ट्रॅफिक धरलं तर मी अलीकडचा आकडा पकडतो.

पुढच्या भागात टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप. सत्तर-ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंगमध्ये जी बारीक थरथर येते आणि सगळे व्हील बॅलन्सिंग करून थकतात, तिच्याबद्दल बोलू. तोवर तुमच्या गाडीत काय होतंय ते लिहून पाठवा, पण नुसतं "हिसका मारते" लिहू नका. गार की गरम, आणि कोणत्या गिअरला, तेवढं लिहाच. चला, भेटू.